गच्चीवाल्यांचं नेट झिरो

सकाळी पुण्याच्या एका मित्राची पोस्ट पाहिली. गच्चीवर चकचकीत सोलर पॅनेल, शेजारी जवळपास शून्याचं वीजबिल, आणि खाली प्रश्न: "चंद्रपूरचा तो धूर कधी बंद करणार?" म्हणजे आमच्या कोळशाच्या वीज केंद्राचा. धडाधड लाइक. दुपारपर्यंत गप्प होतो, आता राहवत नाही.

आधी अभिनंदन. 3 किलोवॉटला सरकारचे 78 हजार मिळाले असतील, मिळू देत. पण इथं चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरला टिनाच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्यानं पॅनेल लावायचं कुठं? घरमालकाच्या डोक्यावर?

आणि धुराचं तर मला सांगूच नका. वाळत घातलेली चादर दुपारी काढली की हाताला काळं लागतं, ते आमच्या घरी. केंद्रातले हे वीज बनवणारे संच बंद व्हावेत असं मलाही वाटतं. लिहून ठेवतोय, उगाच कमेंटमध्ये मला कोळसावाला म्हणू नका.

माझा मामेभाऊ एका वीज केंद्रात कोळशाच्या बेल्टवर होता. सांडलेला कोळसा फावड्यानं परत बेल्टवर टाकायचा, हे काम. लग्नाच्या आधीपासून तेच. दर टेंडरला ठेकेदार बदलायचा, माणूस तोच. म्हणून कागदावर हा कायम नवाच! जुना संच बंद झाला तेव्हा परमनंटवाल्यांना बदलीची पत्रं आली. याच्याकडून ठेकेदाराच्या माणसानं गेटपास परत मागून घेतला. संपलं.

आता कुणी म्हणेल, सोलरमध्येही रोजगार आहे की. आहे, मान्य. हा गेलाही होता एका सोलर प्रकल्पावर, खांब रोवायला. खांब रोवून झाले, काम संपलं. पुढे काचा धुवायला किती माणसं लागतात हो?

2021 मध्ये ग्लासगोत पंतप्रधानांनी 2070 पर्यंत नेट झिरोचं, म्हणजे जितका कार्बन हवेत सोडू तितकाच शोषून घ्यायचं, वचन दिलं, टाळ्या पडल्या. त्याच्या कितीतरी आधी, 2010 साली, कोळशाच्या टनामागे 50 रुपये स्वच्छ ऊर्जेचा उपकर लागला होता. 2016 पर्यंत त्याचे 400 झाले. 2017 ला जीएसटी आला आणि तो पैसा जीएसटीमुळे राज्यांच्या बुडालेल्या महसुलाच्या भरपाईकडे वळला. म्हणजे स्वच्छ ऊर्जेच्या नावानं कोळशावर वसुली झाली, आणि बेल्टवरच्या माणसाला त्यातला छदाम नाही. संताप येतो तो इथं.

जर्मनीनं 2020 मध्ये कायदा केला, कोळशाच्या विजेला 2038 ची मुदत घातली, आणि कोळशाच्या पट्ट्यांसाठी 40 अब्ज युरोपर्यंतची तरतूद केली. आपण जर्मनी नाही, ठाऊक आहे. पण मुदत आणि पैसा एकाच वेळी सांगायला जर्मन असावं लागत नाही.

असो, मित्रावर राग नाही. तो भला माणूस आहे, त्याला फक्त हा बेल्ट कधी दिसला नाही. मामेभाऊ मात्र परवा म्हणाला, "दादा, जो मले कोळसा चालू ठेवतो म्हणन, त्यालेच मत." मी वाद घातला नाही. काय म्हणून घालू? धूर त्याच्याच छातीत गेलाय, तरी त्याला तोच बरा वाटतो, कारण धुरासोबत निदान पगार तरी यायचा. असे लोक हजारोंनी आहेत, आणि ते विरोधात गेले तर तुमचं 2070 कागदावरच राहील.

म्हणून आधी यादी करा. गेटमधून रोज आत जाणाऱ्या प्रत्येकाची, मग ठेकेदार कोणी का असेना, आणि किती वर्षं येतोय तेही त्यात लिहा. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी खाणबाधितांसाठीच आहे ना? मग खाणीतल्या ठेकेदारी मजुरांपासून सुरुवात करा, नवं काम शिकेपर्यंत त्यांच्या घरी पगार जाऊ द्या. वीज केंद्रवाल्यांसाठी कंपन्यांनी खिशात हात घालावा. आणि ही यादी संच बंद व्हायच्या आधी गेटवर लागली पाहिजे, नावासकट.