जाळी नको म्हणे, पोटली चालते!

रविवारी सकाळी आत्याचा फोन. "बुधवारचं आप्रेशन नको म्हणून कळवलं बघ मी. ते पलास्टिक आत इरघळतं म्हणं. मला लई भ्या वाटायलंय." पाच मिनिटांत तिच्या सुनेनं तो मेसेज मला पाठवला. वर लाल भोंग्यांची रांग, खाली 'प्रत्येक आईबहिणीपर्यंत पोचवा'. मी लातूरला चौदा वर्षं ऑपरेशन थिएटरात सिस्टर आहे. जाळीची पाकिटं याच हातांनी फोडली आहेत. तरी आत्यानं मला विचारायच्या आधी त्या भोंग्यांवर विश्वास ठेवला, याचा राग आहेच. तो पुढं दिसला तर दिसू द्या.

मेसेज थोडक्यात असा: ज्यांचं अंग बाहेर येतं, म्हणजे पिशवी (गर्भाशय) किंवा योनीचा भाग खाली उतरतो, त्या बायकांना डॉक्टर आत प्लॅस्टिकची जाळी बसवतात. शरीर परकी वस्तू कधीच स्वीकारत नाही. जाळी विरघळते, विष रक्तात जातं, कॅन्सर होतो. अमेरिकेत बंदी आहे, तोच माल इथं खपवतात. हे सगळं विदेशी फॅड. त्यापेक्षा तुरटी, माजूफळ आणि डाळिंबाच्या सालीची पोटली २१ रात्री आत ठेवा. नाहीच जमलं तर पिशवी काढून टाका, कायमचा निकाल.

पोटलीपासूनच सुरू करते, कारण आत्यानं तुरटी आणूनही ठेवली होती. परकी वस्तू नको म्हणून टाक्याटाक्यानं बसवलेली निर्जंतुक जाळी नको, आणि फडक्यात बांधलेली, हातानं कुटलेली पूड एकवीस रात्री आत चालते? ती पोटली शरीराची कोण लागते, मावसबहीण? तुरटी कातडी आकसवते, एवढं खरं. दाढी करताना कापलं की न्हावी तीच फिरवतो. पण अंग खाली येतं ते कातडी सैल झाली म्हणून नाही. पिशवीला वरून धरून ठेवणारे बंध आणि खालून तोलणारे स्नायू बाळंतपणात ताणले-फाटलेले असतात, त्यावर वर्षानुवर्षं ओझं पडतं, आणि पाळी गेल्यावर उरलासुरला जोरही कमी होतो. तिथं तुरटी पोचतच नाही. ती पोचते फक्त वरच्या नाजूक अस्तरावर, आणि ते भाजून काढते. बाहेर आलेल्या भागाला लुगड्याच्या घासण्यानं आधीच जखमा असतात. त्यांवर तुरटी चोळणं म्हणजे काय, ते बोटाला चिरा पडलेल्या बाईला विचारा. त्यात फडकं आत राहिलं, कुजलं, तर जंतुसंसर्ग अंगभर पसरायला वेळ लागत नाही.

आता जाळी. 'शरीर कधीच स्वीकारत नाही' हे वाक्य कुठल्या अर्थानं लिहिलंय देव जाणे. शरीर जाळीला ओळखतं, हे खरं. पहिल्या दिवसापासून पांढऱ्या पेशी तिच्याभोवती गोळा होतात, सूज येते. पण काही आठवड्यांत धागे तयार करणाऱ्या पेशी येतात, बारीक रक्तवाहिन्या येतात आणि जाळीच्या भोकांतून नवं मांस आरपार वाढतं. आत्याला मी फोनवर सांगितलं, मांडवात दोडक्याचा वेल शिरतो ना, तसं. सगळं काम त्या भोकांवर आहे. भोकं मोठी असतील तर पांढऱ्या पेशी आत शिरतात, जंतूंना गाठतात. धागा अनेक पदरांचा, वळलेला असेल तर पदरांमधल्या फटीत जंतू मावतो, त्याला मारणारी पेशी मावत नाही. म्हणून आता एकपदरी धाग्याची, मोठ्या भोकांची, हलकी जाळी वापरतात. भोकं बारीक असली, किंवा बसवताना जाळी ओढून ताणली की ती मिटली, तर एका धाग्यापासून दुसऱ्या धाग्यापर्यंत व्रणच व्रण होतो, जाळी आकसते, पत्र्यासारखी कडक होते. मग बाई बसताना-उठताना दुखतं, नवऱ्याजवळ जाताना दुखतं.

धाग्याच्या अगदी कडेला थोड्या पेशी पुढंही कायम पहाऱ्यावर असतात. ही सूज पूर्ण शून्य होत नाही, हेही मान्य. पण विरघळणं? ही जाळी पॉलिप्रॉपिलीनची असते. त्याच धाग्याचे टाके माणसांच्या पोटात आणि हृदयाच्या ऑपरेशनांत अनेक दशकं घातले जात आहेत. काढून टाकलेल्या काही जाळ्यांच्या पृष्ठभागावर सूक्ष्मदर्शकाखाली तडे दिसले आहेत, एवढा धागा पकडून मेसेजवाल्यांनी 'विष' विणलं. आत्याच्याच गल्लीत हर्नियाची जाळी पोटात घेऊन रोज दूध घालणारे दोघे आहेत. त्यांना कुणी हा मेसेज पाठवला नाही.

कॅन्सरचं एका ओळीत. उंदरांच्या कातडीखाली गुळगुळीत प्लॅस्टिकच्या चकत्या ठेवल्या की त्यांना गाठी होतात, हे जुनं आहे. माणसात या जाळीमुळं कॅन्सर होतो असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही.

आणि विदेशी फॅड? अंग वर उचलून पट्टीनं बांधायची ऑपरेशनं मुंबईचे डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी गेल्या शतकातच बसवली. त्यांची नावं त्या ऑपरेशनांना आजही आहेत. शिरोडकरांच्या ऑपरेशनातली मर्सिलीनची पट्टी म्हणजे पॉलिएस्टरच.

बंदीचा मुद्दा मात्र मला गिळून टाकता येत नाही. तो अर्धा खरा आहे. नाइलाजानं सांगते, पण नीट सांगते. जाळी बसवायचे दोन रस्ते आहेत. एक योनीमार्गातून, म्हणजे तिथंच चिरा देऊन अस्तराखाली जाळी पसरायची. दुसरा पोटातून, आता बहुतेक दुर्बिणीनं: जाळीचं एक टोक योनीच्या वरच्या टोकाला आणि दुसरं कण्याच्या खालच्या त्रिकोणी हाडाला बांधायचं. पहिल्या रस्त्यानं घोळ झाला. तिथली जागा कधीच निर्जंतुक नसते, पाळी गेलेल्या बाईचं अस्तर कागदासारखं पातळ, आणि चिरा थेट जाळीवर. तो भरला नाही की जाळी उघडी पडते. ब्रिटनमधल्या ३५ रुग्णालयांत साडेतेराशेच्या आसपास बायकांवर झालेली प्रॉस्पेक्ट चाचणी २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. योनीमार्गानं जाळी घातलेल्यांना साध्या टाक्यांच्या ऑपरेशनापेक्षा दोन वर्षांत काही जास्त फायदा दिसला नाही, आणि दहातल्या एकीपेक्षा जास्त जणींना जाळीचाच त्रास झाला. फायदा नाही आणि वर त्रास, तर कशाला घालायची? २०१९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, अंग बाहेर येण्यावरच्या, योनीमार्गातून घालायच्या जाळ्यांची विक्री थांबवायला लावली. ब्रिटननं २०१८ मध्ये खोकल्या-शिंकल्यावर लघवी सुटते त्यासाठीच्या पट्टीलाही स्थगिती दिली होती. तिथल्या बायका वर्षानुवर्षं 'दुखतंय' म्हणत होत्या आणि डॉक्टर 'मनाचे खेळ' म्हणत होते. तो राग मला पुरता समजतो. आणि मांडवात वेल घट्ट गुंतल्यावर मांडव काढायला गेलं तर वेल फाटतो. जाळी काढणं इतकं अवघड का, ते यातच आलं.

पण एफडीएच्या त्या आदेशात पोटातून बसवायची जाळी नव्हती. आत्याची तीच होती. मेसेजनं दोन रस्त्यांचा एक रस्ता केला आणि ती घाबरून घरी बसली. पोटातल्या जाळीलाही धोका आहे. २०१३ मध्ये आलेल्या एका अमेरिकी पाठपुराव्यात सात वर्षांत ती उघडी पडण्याचं प्रमाण अंदाजे साडेदहा टक्के निघालं, त्यात जुन्या प्रकारच्या जाळ्याही होत्या. हे आत्याला आधी कुणीतरी बसवून सांगायला हवं होतं. दोन मिनिटांत सही घेतली की असले मेसेज फावतात. हे माझ्याच पेशाबद्दल बोलतेय.

शेवटचा मुद्दा वाचून मात्र मी फोन बाजूला ठेवला. 'पिशवी काढून टाका, कायमचा निकाल.' हे बीड जिल्ह्यात सांगतोस, बाबा? आत्या केज तालुक्यातली. सोळा हंगाम मुकादमाची उचल फेडत ऊस तोडला, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढली, बाळंतपणानंतर महिन्याभरात परत फडात. एकतिसाव्या वर्षी कुणी सांगितलं, पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल. काढली. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी आधीच गेलेली होती. आत्याला कॅन्सर नव्हता, हे आत्ता जुने कागद बघताना कळलं. पिशवी काढल्यावर योनीचं वरचं टोक शिवून बंद करतात, आणि ते बंधांना नीट धरलं नाही किंवा बाई पुन्हा मोळी उचलायला गेली तर तेच टोक खाली येतं. आत्याचं आज जे बाहेर येतंय ते हेच. पिशवी काढून निकाल लागला असता तर तिला जाळी लागलीच नसती!

ज्यांना ऑपरेशनच नको त्यांच्यासाठी सिलिकॉनची रिंग असते. डॉक्टर किंवा शिकलेली सिस्टर बसवून देते, ठरावीक दिवसांनी काढून धुवायची. मेसेजमध्ये तिचं नाव नाही. फुकटात फॉरवर्ड होणारी गोष्ट नाही ना ती.

मंगळवारी आत्याला घेऊन डॉक्टरांकडं बसले. तिनं स्वतःच विचारलं: जाळी कुठून घालणार, मोठ्या भोकांची का, उघडी पडली तर काय करणार, आणि जाळीशिवाय टाक्यांचं होईल का. डॉक्टर अर्धा तास बोलले. आता पुढच्या सोमवारची तारीख आहे, आणि जाळी की नुसते टाके हे आत्या शनिवारपर्यंत कळवणार आहे. तुरटी काय केली विचारलं, तर म्हणाली, "टँकरचं पाणी गढूळ आलतं. फिरवली त्यात."