मेंढपाळांना गावबंदी केली की भांडणं मिटतील?

सध्या एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय, की मेंढपाळ फुकटात चारतात, मुद्दाम उभ्या पिकात मेंढरं घालतात, मार बसल्याशिवाय ऐकत नाहीत, तेव्हा त्यांना शिवारात येऊच देऊ नका, मारामाऱ्या आपोआप थांबतील. मी शेतकरीच आहे, माझा अर्धा एकर कोवळा हरभरा एका रात्रीत साफ झालाय, त्यामुळं नुकसान होतच नाही असं मी म्हणणार नाही. पण हा मेसेज चुकीचाय.

आधी ते फुकटचं घ्या. आमची बाजरी निघाली की दिवाळीनंतर धनगरांचा वाडा, म्हणजे बिऱ्हाडासकट कळप, येतो, रानात वाघर म्हणजे जाळी लावून मेंढरं बसवतात, दुसऱ्या रात्री वाघर उचलून पुढच्या तुकड्यात. सकाळी बघावं तर लेंड्यांचा थर आणि मूत जागच्या जागी मुरलेलं, खताची ट्रॉली भरा, ओता, पसरा काही नाही. त्या बदल्यात आपण धान्य नाहीतर पैसे देतो. आजोबांच्या वेळेपासून हेच चाललंय.

मुद्दाम घालतात म्हणे. अहो, कोवळी ज्वारी खाल्ली की मेंढराला विषबाधा होते, तासाभरात पटापट पडतात, कुठला मेंढपाळ हातानं हे करेल? खरं होतं असं की अरुंद रस्ता, दोन्हीकडं पीक, पुढं एक पोरगं, मागं घोड्यावर बिऱ्हाड, ट्रकनं हॉर्न मारला की कळप फुटतो.

आता गावबंदी. माण, खटाव, पारनेरकडं पाऊस कमी, उन्हाळ्यात माळावर काडी राहत नाही, म्हणून कळप घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात कारण तिथला पाऊस मेंढराला सोसत नाही. पूर्वी वाटेत पडीक रान असायचं, आता पाणी आलं, ऊस आला, वनखात्याच्या रोपवनात चराई बंद, गायरानावर अतिक्रमण (2011 ला सुप्रीम कोर्टानं गावाच्या सामायिक जमिनी मोकळ्या करा म्हटलं, तरीही). तुम्ही वाट अडवली की कळप शेजारच्या गावात घुसणार, भांडण तिकडं सरकणार, बस. आणि 2006 च्या वनहक्क कायद्यात तर भटक्या पशुपालकांचा जंगलातल्या चराईचा हक्क लिहिलेला आहे.

मारण्याचं तर बोलूच नये. मेंढरं पिकात शिरली तर पकडून 24 तासांत कोंडवाड्यात घाला, हा कायदा 1871 पासून आहे, त्यात माणसाला मारायची परवानगी कुठंच नाही. रात्री काठ्या घेऊन जाता त्या तळावर बाया, तान्ही पोरं झोपलेली असतात. आणि मार खाल्लेला माणूस तक्रारही करत नाही, कारण उद्या त्याला पुढच्या गावात जायचंय, केसच्या तारखेला तो येणार कसा?

माझ्या हरभऱ्याच्या वेळी शेजारची दोन जाणती माणसं बोलावली, बांधावर उभं राहून नुकसान मोजलं, रक्कम ठरली, अर्धी त्यानं रोख दिली आणि उरलेल्याच्या बदल्यात त्याच रानात चार रात्री मेंढरं बसवली. यंदा बाजरी काढायच्या आधीच त्याचा फोन आला, कुठल्या वाटेनं येऊ म्हणून.