कोल्हापूरकरांचं मत कसं काढावं

परवा मोबाईलवर एक 'सर्वेक्षण' येऊन आदळलं. म्हणे कोल्हापूरकरांना आता बसची गरज उरलेली नाही. खाली रंगीत गोल, त्यात जेमतेम एक फोड वेगळ्या रंगाची. आणि ही माणसं गाठली कुठं? पेट्रोल पंपावर, गाडीच्या टाकीत नळी असताना. नाद खुळा! अशी विद्या वाया जाऊ नये, म्हणून होतकरूंसाठी ही शिकवणी.

आधी उत्तर ठरवा, मग जागा. 'कोल्हापूरकर तब्येतीला जपतात' असं छापायचं असेल तर सकाळी सहाला रंकाळ्यावर उभे राहा. जे अंथरुणात आहेत ते तुम्हाला खोटं पाडायला येत नाहीत.

पुराच्या आठवड्यात 'तुमच्याकडं वीज आहे का?' हे ऑनलाइनच विचारा. चिखली-आंबेवाडीचे फोन चार्जिंगअभावी बंद असतात. निकाल झकास येतो.

पैलवान व्हायला काय लागतं, हे खासबागेत कुस्ती मारलेल्यांनाच विचारा. तोच खुराक खाऊन, तेवढेच जोर काढून गावी परतलेल्यांचे पत्ते कोण हुडकणार?

कुणी शंका काढलीच, तर आकडा फुगवा. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानं कौल घ्यायला सुमारे एक कोटी मतपत्रिका पोस्टानं धाडल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. निकाल काढला, उमेदवार लँडन निवडून येणार. आले त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट, ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन! नावं बरीचशी टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतली, म्हणजे मंदीच्या दिवसांतही खिशात पैसा असलेल्यांची. शिवाय तीन चतुर्थांश लोकांनी उत्तरच दिलं नाही, त्यांचं मत गृहीत धरलं. मतचाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी सुमारे पन्नास हजार माणसांच्या मतांवरून विजेता बरोबर सांगितला. पण तुम्ही वीस लाखच सांगा, पुढचं सांगू नका.

फक्त एक पथ्य पाळा. माती तपासून घेणाऱ्या ऊसवाल्याच्या तावडीत सापडू नका. रानातली माती काढायची तर तो नागमोडी चालत आठ-दहा जागा धरतो. प्रत्येक जागी वरचा पालापाचोळा बाजूला सारून व्ही आकाराचा वीतभर खड्डा घेतो आणि त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती तासतो. सगळी माती कापडावर एकत्र करून चार वाटे करतो, समोरासमोरचे दोन टाकतो, उरलेले पुन्हा मिसळतो. अर्धा किलो राहीपर्यंत हेच. बांधालगतची नको, झाडाखालची नको, विहिरीजवळची नको, नुकतं खत टाकलेल्या जागेची तर नकोच. खताच्या रिकाम्या पोत्यातसुद्धा भरत नाही. चढाची मुरमाड आणि उताराची काळी जमीन असली तर दोन नमुने वेगळे. का? उकिरड्याजवळची माती उचलली तर कागदावर रान सोन्यासारखं दिसतं, माणूस खताचा हात आखडतो आणि उसाला फुटवे येत नाहीत. आणि उकिरड्याजवळची एक पाटी काढा नाहीतर शंभर पाट्या काढा, अहवाल उकिरड्याचाच येतो! एवढी साधी गोष्ट रानात राबणाऱ्याला कळते आणि लॅपटॉप घेऊन बसणाऱ्याला कळत नाही? पंप हा तुमचा उकिरडा. तिथं स्वतःची गाडी असलेलाच येतो. बसला लोंबकळत कॉलेजला जाणारी पोरगी, गुडघे धरून दवाखाना गाठणारी आजी, पाचगाव-उचगावहून कामाला येणाऱ्या बायका पंपावर कशाला येतील?

आता उपरोध पुरे. 'कोल्हापूरकर' हा शब्द वापरायचा असेल तर पाय झिजवा. प्रत्येक प्रभागाची मतदार यादी घ्या, चिठ्ठी काढून सुरुवातीचं नाव धरा आणि तिथून दर शंभराव्या नावाचं घर गाठा. कुलूप असेल तर शेजारच्या घरात घुसू नका, संध्याकाळी पुन्हा जा. यादीत नसलेली, भाड्यानं राहणारी पोरं वेगळी शोधा. किती जण भेटले नाहीत, किती जणांनी दार लावून घेतलं, तेही छापा. एवढं होत नसेल तर सरळ लिहा: 'पंपावर आलेल्या गाडीवाल्यांना बस नको आहे.' पण तुमच्या असल्या कागदावर उद्या एखादी फेरी बंद झाली, तर रंकाळा स्टँडवर भर उन्हात ताटकळणाऱ्यांना तोंड दाखवायला तुम्ही जाणार आहात का?