बोनस मोजण्याची सोपी आणि आनंददायी पद्धत

बोनसचं पत्र आलं? अभिनंदन. आता ठळक अक्षरांतला आकडा डोळे भरून बघा आणि पत्र बंद करा. खाली बारीक टाइपात ‘लागू वजावटींच्या अधीन राहून’ असं काहीतरी असतं. ते वकिलांनी वकिलांसाठी लिहिलेलं असतं, तुम्ही त्यात पडू नका. खर्चाची यादी करायला घ्या. यादीची बेरीज आकड्यापेक्षा थोडी वरच जाऊ द्या. वरकड पैशाला कोण हिशेब विचारतं!

खरं तर ही साधना नोकरी धरतानाच सुरू करायची असते. ऑफर लेटरमध्ये ‘वार्षिक बोनस १५ टक्के’ असं दिसलं की ‘कशाचे १५ टक्के?’ हे चुकूनही विचारू नका. असले प्रश्न विचारणारी माणसं एचआरच्या लक्षात राहतात. एकूण पॅकेज १६ लाखांचं आहे ना? मग त्याचे १५ टक्के, २ लाख ४० हजार. झालं काम. मूळ पगार पॅकेजच्या निम्मा, म्हणजे ८ लाख आहे आणि टक्केवारी फक्त त्यालाच लागते, हे कळायला अजून वर्ष आहे. तेवढं वर्ष तरी सुखात जाऊ द्या.

वर्ष सरलं की गुणाकार सुरू होतात. ८ लाखांचे १५ टक्के म्हणजे १ लाख २० हजार. कंपनीचं वर्ष बेताचं गेलं म्हणून गुणांक ०.८, राहिले ९६ हजार. तुमचं रेटिंग ‘अपेक्षेनुसार’, आणि अपेक्षेनुसार काम करणाऱ्याला ०.९ मिळतात, कारण अपेक्षा पुरी करण्याचीही एक हद्द असते; राहिले ८६,४००. तुम्ही रुजू झालात तेव्हा वर्षातले तीन महिने उलटले होते, म्हणून बाराऐवजी नऊ महिने, राहिले ६४,८००. अजून कराला हात लागलेला नाही. तो ३० टक्क्यांनी धरला तर १९,४४० जातात आणि हातात ४५,३६० येतात. निघाला होतात २ लाख ४० हजारांवरून. गंमत अशी, की यातली एकही पायरी बेकायदा नाही. प्रत्येकीसाठी धोरणात एकेक परिच्छेद आहे, आणि तो वाचून पावतीवर सही तुम्हीच केली आहे. तेव्हा गुणाकाराच्या वाटेला जाऊ नका. बेरजा करा. बेरजेत मन रमतं.

आता कर. गेल्या वर्षी एकूण उत्पन्नाच्या १२ टक्के कर गेला होता? मग बोनसमधूनही १२ टक्केच जातील असं धरून चाला. बोनस पगाराच्या डोक्यावर येऊन बसतो आणि म्हणून त्याला सरासरी दर न लागता तुमचा सगळ्यात वरचा दर लागतो, असं कुणी सांगायला आलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

हा सल्ला मानवला नाही, तर अगदी उलट टोकाचाही एक तयार आहे. कँटीनमध्ये आवाज चढवून सांगायचं: ‘बोनस घेऊच नका, स्लॅब बदलतो, सगळ्या पगारावर जास्त कर बसतो, हातात आधीपेक्षा कमी येतं!’ चारजण माना डोलावतात, एखादा तर रजेच्या बदल्यात बोनस सोडायची भाषाही करतो. समजा, पगार ९ लाख, १० लाखांपर्यंतच्या टप्प्याला २० टक्के आणि त्यापुढे ३०, आणि बोनस २ लाख. पहिल्या लाखावर २० हजार, दुसऱ्यावर ३० हजार, मिळून ५० हजार कर आणि दीड लाख हातात. आधीच्या ९ लाखांवरच्या कराला कुणी हात लावलेला नाही. वाढीव दर फक्त रेषेपलीकडच्या लाखाला लागला. पण दीड लाख नाकारण्यात जो करारी बाणा आहे, तो दीड लाख घेण्यात कुठला?

(प्रामाणिकपणे सांगायचं तर काही ठिकाणी रेषा खरोखर दुष्ट असते. ब्रिटनमध्ये उत्पन्न १ लाख पौंडांच्या वर गेलं की दर २ पौंडांमागे करमुक्त रकमेतला १ पौंड कमी होतो, आणि १,२५,१४० पौंडांपर्यंत जाताना प्राप्तिकराचा खरा दर ६० टक्क्यांवर बसतो. तिथले लोक बोनस थेट पेन्शनमध्ये वळवतात ते काही म्हातारपणाच्या काळजीपोटीच नव्हे. पण ही अपवादाची गोष्ट झाली, आणि तिथेसुद्धा प्राप्तिकर जाऊन प्रत्येक जादा पौंडातले ४० पेन्स सुटतातच.)

पगारपत्रक हाती आलं की मात्र पूर्ण ताकदीनं संतापायचं. कापलेला कर आणि खरा कर एकच, ही श्रद्धा इथे फार कामाला येते. काही पद्धतींत सॉफ्टवेअर त्या महिन्याची रक्कम बघून वर्षाचा अंदाज बांधतं. तुमचा ७५ हजारांचा पगार आणि २ लाखांचा बोनस एकत्र करून त्याला वाटतं, की हा गृहस्थ दरमहा २ लाख ७५ हजार मिळवतो, म्हणजे वर्षाला ३३ लाख. तुमच्यावर इतका विश्वास आजवर कुणीच दाखवला नसेल. मग सॉफ्टवेअर ३३ लाखवाल्याच्या दरानं कर कापून मोकळं होतं. अमेरिकेत कंपनीला दुसरी वाटही आहे: १० लाख डॉलरपर्यंतच्या बोनसमधून केंद्रीय प्राप्तिकरापोटी सरसकट २२ टक्के. तुमचा खरा दर १२ असो की ३५, कापतात २२. भारतात पगारावरचा टीडीएस वर्षभराच्या अंदाजित उत्पन्नावर काढतात, त्यामुळे अंदाज तितका बहकत नाही. पण बोनसवरचा सगळा कर त्या एकाच महिन्यात वसूल झाला की पत्रक तेवढंच भेसूर दिसतं. शेवटी विवरणपत्र भरताना जमाखर्च जुळतो, जास्त गेलेलं परत येतं, कमी गेलेलं भरावं लागतं. तुम्ही त्याची वाट कशाला बघता? आजच अकाउंट्सच्या माणसासमोर उभे राहा. दर त्यानंच ठरवलेत अशा सुरात बोला.

पगार हातात पडण्याआधीच कर कापण्याची ही पद्धत अमेरिकेत १९४३ साली आणि ब्रिटनमध्ये १९४४ साली आली, युद्धाच्या ऐन धामधुमीत. पैसा पाहिल्यावर तो परत मागितला तर माणूस हात आखडतो. न पाहिलेल्याचं दुःख कमी. बोनसचं पत्र छापणाऱ्यांना मात्र हे अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही.

तुम्ही स्वतः साहेब असाल तर वेगळा धडा. टीममधल्या एखाद्याला शब्द द्या: ‘७० हजार हातात पडतील, माझी जबाबदारी.’ दर ३० टक्के, म्हणून ७० हजारांत त्यांचे ३० टक्के मिळवा, ९१ हजार मंजूर करून घ्या आणि पाठ थोपटून घ्या. ९१ हजारांतून ३० टक्के गेले की ६३,७०० उरतात. ७० हजारांना ०.७ नं भागायचं असतं, मग बरोबर १ लाख येतात. पण भागाकार बजेटला महाग पडतो, आणि गेलेल्या ६,३०० चा दोष करखात्यावर ढकलता येतो. करखातं काही उलट बोलत नाही.

जॉइनिंग बोनस घेणाऱ्यांनी करार तर उघडूच नये. १ लाख मिळाले, ३० हजार कर गेला, ७० हजार खात्यात आले. वर्ष पुरं व्हायच्या आत नोकरी सोडली तर बरेच करार परत मागतात ते पूर्ण १ लाख. जे ३० हजार तुम्ही कधी पाहिलेच नाहीत, तेही तुमच्याच खिशातून. करवर्ष तेच असेल तर कंपनी कर जुळवून घेऊ शकते. वर्ष उलटलं की तुम्ही, करखातं आणि जुनी एचआर यांच्यात मेलची लांबलचक माळ सुरू होते. राजीनाम्याचा मसुदा लिहून झाल्यावर ही अट वाचली तर वाचनाचा परिणाम खोल होतो.

हातात नेमकं किती येणार, हे आधीच हवं असेल तर मार्ग अगदीच कंटाळवाणा आहे. बोनस कशावर धरतात ते विचारा, गुणांक लावा, उरलेल्यावर आपला सगळ्यात वरचा दर लावा. पीएफसारखी वर्गणी बोनसवर पडते की नाही ते पत्रकात बघा. काही देशांत तिला वर्षाची कमाल मर्यादा असते आणि ती आधीच गाठली असेल तर बोनसमधून एक पैसाही जात नाही. कंपनीकडून घेतलेली उचल याच महिन्यात वळती होणार असेल तर तीही वजा करा. दहा मिनिटांचं काम. त्यानंतर खर्चाची यादी पुन्हा लिहावी लागते, एवढाच त्रास.

आणि शेजारच्या टेबलवाल्यानं ‘किती मिळाला?’ असं विचारलं, तर वजावटीआधीचाच आकडा सांगा. त्यानं तुम्हाला सांगितला तोही तोच होता.