मिशन हॉस्पिटलांनी धोरणात पडावं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मागच्या लेखावर तुम्ही लिहिलंत: "मिशनवाल्यांनी रुग्ण तपासावेत. धोरण ठरवायला सरकार आहे. परदेशी पैशावर ही लुडबुड कशाला, आणि कोकणाला तिचा उपयोग काय?"

रुग्ण तपासणाऱ्यांनी धोरणाबद्दल गप्प बसावं, हे मला मुळीच पटत नाही. जिनिव्हाचं ख्रिश्चन मेडिकल कमिशन, म्हणजे चर्चच्या जागतिक परिषदेचं आरोग्यमंडळ, १९६८ साली उभं राहिलं ते याच अस्वस्थतेतून. मिशनचा बहुतेक पैसा इमारती आणि खाटांवर जात होता, आणि टाळता येण्याजोगे आजार घेऊन माणसं पुन्हा पुन्हा दारात येत होती. आपल्याच राज्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून काम सुरू केलं आणि गावातल्या, बऱ्याचशा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली देशोदेशीचे असे प्रयोग एकत्र छापले, त्यात जामखेड होतं. कमिशन आणि संघटना यांचा संयुक्त गट १९७४ मध्येच बनला होता. १९७८ च्या अल्मा-आटा इथल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेच्या जाहीरनाम्यातल्या प्राथमिक आरोग्यसेवेच्या विचारात या सगळ्याचा वाटा आहे. सगळं श्रेय त्यांचंच, असं मात्र कुणी म्हणू नये. चीनच्या 'अनवाणी डॉक्टरां'चं, म्हणजे थोडं प्रशिक्षण दिलेल्या गावकऱ्यांचं, उदाहरणही तेव्हा सगळ्यांसमोर होतं.

पैशाचं म्हणाल तर परदेशी देणग्यांच्या कायद्यात (एफसीआरए) २०२० साली झालेल्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या ठरलेल्या शाखेतच यावी लागते, ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. हॉस्पिटलच्या डॉक्टरांचा पगार त्यात धरत नाहीत, कार्यालयातल्या माणसांचा धरतात. म्हणून हात आखडला की आकडेवारी ठेवणारा माणूस आधी कमी होतो.

एका बाबतीत टीका रास्त आहे. एचआयव्ही प्रतिबंधात कंडोमचा प्रश्न आला की कॅथलिक संस्थांची भूमिका श्रद्धेने बांधलेली असते. तिथे त्यांचं म्हणणं सार्वजनिक धोरण म्हणून स्वीकारू नये.

आता कोकण. फुरसं किंवा घोणस चावली की विषाने रक्त गोठायचं थांबतं, म्हणून २० मिनिटांची चाचणी करतात: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत सुमारे दोन मिली रक्त घ्यायचं, हलवायचं नाही, २० मिनिटांनी नळी तिरकी करून रक्त गोठलंय का ते पाहायचं. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि निदान चुकतं. विष भिनल्याचं ठरलं की सुरुवातीलाच ८ ते १० व्हायल (कुप्या) एएसव्ही, म्हणजे सर्पविषावरचं औषध, लागतं. आता समजा, आरोग्य केंद्रात ५ व्हायल आहेत. नोंदीत साठा 'उपलब्ध', प्रत्यक्षात पहिला डोसही पुरा होत नाही. वर जाणाऱ्या अहवालात तुटवडा उमटतच नाही.

तो दिसतो रुग्ण शेवटी जिथे पोचतो तिथल्या रजिस्टरमध्ये. तिथे मिशनचं हॉस्पिटल असेल तर त्याने एवढं टिपावं: दंशाची वेळ, पहिल्या केंद्रावर पोचल्याची वेळ, तिथे दिलेल्या व्हायल, पुढे पाठवण्याचं कारण, इथे आल्याची वेळ. रुग्णाची ओळख वगळून हा तक्ता सरकारी दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीत आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्यायचा. मागणी एकच ठेवायची: साठा व्हायलमध्ये नको, रुग्णांमध्ये मोजा. दोन रुग्णांची तयारी म्हणजे २० व्हायल. आणि हे मार्च-एप्रिलमध्येच मांडायचं. लावणी सुरू झाल्यावर मागणी नोंदवली तर माल येईपर्यंत दंशाचे दिवस सरत आलेले असतात.

एकाच रुग्णाची हकिकत लिहून पाठवली की 'त्या दिवशी अडचण होती' असं उत्तर येतं आणि विषय मिटतो. तीन महिन्यांच्या तक्त्याला तसं उत्तर देता येत नाही.

हे काम तुम्हीही करू शकता. माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून तालुक्यातल्या प्रत्येक केंद्राचा एएसव्ही साठा मागा. आकडे महिनावार आणि व्हायलच्या संख्येतच हवेत, असं अर्जात लिहा. नाहीतर 'उपलब्ध' एवढाच शब्द हाती पडतो.