हवेतला आंबा

माझा उजवा खांदा आखडलाय. फिजिओथेरपीच्या बाईंनी दिलेले व्यायाम मी इतक्या निष्ठेने टाळले की शेवटी पुतण्याला दया आली. एका रविवारी तो पाच काळे पट्टे घेऊन आला. दोन मनगटांना, दोन दंडांना, एक कमरेला. प्रत्येकावर काडेपेटीएवढी डबी. आजीने बांधलेल्या ताईतांनंतर अंगावर एवढं काही चढलं नव्हतं.

"काका, समोर टीव्हीत आमराई आहे. हात वर न्यायचा, मनगट फिरवायचं, आंबा तुटतो."

झेल्याशिवाय, त्या जाळीच्या काठीशिवाय? देठाचा चीक? कोकणातल्या माणसाने अशा वेळी गप्प बसणं कठीण असतं, पण बसलो.

"या कल्पना जुन्या आहेत," तो म्हणाला. १९८९ साली निंटेंडो या जपानी कंपनीच्या व्हिडिओ खेळांसाठी पॉवर ग्लोव्ह नावाचा हातमोजा निघाला होता. २००६च्या तिच्याच 'वी' या खेळयंत्राचा, हातात धरून हलवायचा रिमोट मनगटाची दोरी तुटून लोकांच्या टीव्हीवर जाऊन आदळायचा, मग कंपनीने जाड दोऱ्या दिल्या. हे ऐकून बायकोने आमचा टीव्ही एक वीत मागे सरकवला.

आधी 'टी पोझ'. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे करून स्तब्ध उभं राहायचं, म्हणजे डब्यांना आपली ओळख पटते. डावा हात आडवा झाला. उजवा अर्ध्यातच अडला. तेवढ्यात इस्त्रीवाला आला. बायकोने दार उघडलं, त्याने शेतातल्या बुजगावण्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं आणि कपडे देऊन न बोलता गेला.

यंत्र बिचारं भाबडं. माझा लोंबता हात त्याने आडवा म्हणून नोंदवून घेतला. त्यामुळे मी हात जेमतेम खांद्यापर्यंत नेला की टीव्हीतला हात थेट शेंड्याला! दहा मिनिटांत सतरा आंबे, खांद्याला कळ नाही. इतका चांगला उपचार मी आयुष्यात घेतला नव्हता. पुतण्याच्या लक्षात आलं, हे दुर्दैव. त्याने माझा हात धरून आडवा केला. त्या वेळी मी काय ओरडलो ते शेजाऱ्यांना विचारा.

आता नवीनच त्रास. मी समोर हात केला की टीव्हीतला हात डावीकडे, कुंपणापलीकडे. दुसऱ्याच्या आंब्यावर.

"डबीत तीन गोष्टी असतात, काका. एक गुरुत्वाकर्षणावरून खाली कुठे ते ओळखते, एक हात किती वळला ते मोजते, आणि तिसरं होकायंत्र. ते तुमच्या त्या लोखंडी कपाटामुळे बहकतंय."

आईच्या वेळचं कपाट. आत पैठण्या, एलआयसीच्या पावत्या, आणि कुणी कधी न उघडलेला खालचा खण. पट्टे सोडायचा कंटाळा आला, म्हणून तसाच वाकून खांदा लावला. पुतण्या पलीकडून ओढत होता. फरशी किंचाळली, कपाट दोन हात सरकलं आणि टीव्हीतून टप टप टप आवाज आला.

तेवीस आंबे.

बायको झाडू घेऊन उभीच होती. म्हणाली, "पट्टे सोडू नका. फ्रिजही जरा पुढे घ्या, मागे झाडायचंय."