जाळी वेगळी मिळेल म्हणे!

चाकांवरचं अख्खं घर विकायचं. त्यात फ्रिज द्यायचा, शेगडी द्यायची, गीझर, घर गरम ठेवणारा गॅसवरचा फर्नेस, शिवाय खोट्या ज्वाळा दाखवणारी शोभेची फायरप्लेससुद्धा द्यायची. आणि बाहेरच्या भिंतीवरची भोकं मात्र सताड उघडी! कुणासाठी? गांधीलमाश्यांसाठी!

टेक्सासात राहतो आम्ही. एचओएच्या, म्हणजे इथल्या सोसायटीच्या, नियमामुळे हे चाकांवरचं घर, म्हणजे ट्रेलर, दारात उभा करता येत नाही, म्हणून तो गावाबाहेर भाड्याच्या जागेत उन्हात तळत असतो. भाडं आम्ही भरतो, राहतात त्या. मार्च उजाडला की हिवाळाभर कुठल्याशा फटीत दडून बसलेली एकेक राणी बाहेर पडते, लाकूड कुरतडून लगदा करते आणि दिसेल त्या आडोशाला पोळं टांगते. गॅसच्या टाक्यांवरचं प्लास्टिकचं झाकण त्यांना फार आवडतं. टाकीचा कॉक उघडायला झाकण उचलावं, तर आत करड्या कागदी छत्रीवर लालबुंद गांधीलमाश्या पंख उभारून आपल्याकडेच बघताहेत. ऑनिंगच्या, म्हणजे दारावरच्या कापडी छपराच्या, घडीत त्या, शिडीच्या पोकळ नळीत त्या, विजेची केबल ओढून घ्यायच्या खिडकीत त्या. मागच्या बम्परच्या चौकोनी नळीत संडासाच्या टाकीचा पाइप ठेवतात, त्या नळीचं झाकण गळून पडलं तर तिथेही त्याच. त्या पाइपाशेजारी संसार थाटणाऱ्या जिवाला काय म्हणायचं?

पण गांधीलमाशी निदान समोरून येते. कुंभारीण माशी जास्त बेरकी. ती चावायच्या भानगडीत सहसा पडत नाही, गुपचूप चिखल आणून भोकं लिंपते. नोव्हेंबरात ट्रेलर घेऊन टेक्सासातल्याच पालो ड्युरोच्या दरीत गेलो होतो. रात्री गारठा पडला, फर्नेस लावला. पंखा घुंघुं फिरला, टकटक ठिणगी पडली, ज्योत धरेना. पुन्हा टकटक. पुन्हा. मग फर्नेसने मौनव्रत घेतलं. आम्ही सगळी कानटोप्या घालून झोपलो, आणि सकाळी नवऱ्याने स्क्रूड्रायव्हरने धुराड्यातला चिखल खरवडून काढला. वाळलेल्या मातीच्या बोटभर नळ्या, एकीला एक चिकटवलेल्या. फोडल्या तर आत कोळी ठासून भरलेले! नांगी मारून लुळे केलेले, पिल्लांची शिदोरी म्हणून. त्यातल्या एका हिरवट कोळ्याचा पाय चक्क हलत होता. आणि तो फर्नेस पेटला असता तर? धूर बाहेर जायला वाट नाही म्हटल्यावर कार्बन मोनॉक्साइड आत, आणि पोरं झोपलेली.

सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाल्या, “अगं, कुंभारणीचं घर मोडू नये, शुभ असतं.” शुभ! आई, ते घर धुराड्यात आहे हो!

परतल्यावर दुकानात गेले. ज्यांनी ट्रेलर विकला तेच दुकान. काउंटरवरचा माणूस गोड हसला. “मॅम, त्याला जाळी मिळते ना!” मिळते म्हणजे? वेगळी. फर्नेसची वेगळी, गीझरची वेगळी, फ्रिजच्या मागची वेगळी. इतके डॉलर मोजले तेव्हा त्या तारेच्या चार तुकड्यांना काय धाड भरली होती? बरं, घेतल्या जाळ्या. घरी येऊन फर्नेसचं पुस्तक उघडलं, तर त्यात ठळक अक्षरांत: जाळी लावू नये, हवा अडते. पुन्हा दुकानात फोन. “हो मॅम, तेही बरोबर आहे. दरवर्षी आमच्याकडून साफ करून घ्या ना.” तासाच्या मजुरीने! म्हणजे जाळी विकणारे तेच, जाळी लावू नका म्हणणाऱ्या कंपनीचा माल विकणारे तेच, आणि चिखल काढायचे पैसे घेणारेही तेच.

आणि हे काही नवं संकट नाही. 1996 च्या फेब्रुवारीत डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये बिर्गेनएअर या तुर्की कंपनीचं बोईंग 757 विमान समुद्रात कोसळलं, 189 माणसं गेली. विमान बरेच दिवस उभं होतं, वेग मोजणारी नळी झाकलेली नव्हती, आणि ती कुंभारणीने बुजवली असावी असा तपास करणाऱ्यांना संशय होता. 2011 साली माझ्दाने नुसत्या कोळ्यांपायी हजारो गाड्या परत बोलावल्या, कारण पेट्रोलच्या वासाला भुललेले पिवळे कोळी टाकीच्या नळीत जाळी विणत होते. गाडीवाल्यांना कोळ्याची दखल घ्यावी लागते आणि ट्रेलरवाले मात्र ढिम्म! देशातल्या बहुतेक आरव्ही, म्हणजे अशी चाकांवरची घरं, इंडियाना राज्यातल्या एल्खार्ट परिसरात बनतात. तिथे काय गांधीलमाश्या नसतात?

वर सल्लागार आहेतच. खाकी पिशवी फुगवून खोटं पोळं टांगा. टांगलं. शेजारीच खरं बांधलं त्यांनी. पुदिन्याचं तेल शिंपडा. शिंपडलं. ट्रेलरला च्युइंगमचा वास यायला लागला, माश्या तिथेच. लांबून पिचकारी मारायचा फवारा मिळतो तो लागू पडतो, पण तो गॅसच्या ज्योतीजवळ मारायचा नसतो, आणि भोकं सगळी ज्योतीजवळचीच.

शेवटी मीच डोकं चालवलं. ट्रेलर उभा असला की धुराड्यावर झाकण, झाकणाला विमानाला लावतात तशी लालभडक फीत, आणि फीत काढल्याशिवाय फर्नेसच्या बटणाला हात लावायचा नाही, असं नवऱ्याला बजावलंय. मार्चपासून दर शनिवारी टॉर्च घेऊन फेरी. पोळं नाण्याएवढं असतानाच, पहाटेच्या गारव्यात राणी सुस्त असताना, लांब काठीने खरवडून टाकायचं. सुट्टीसाठी घेतला होता हो हा ट्रेलर!

काल त्याच दुकानातून फोन आला, वॉरंटी वाढवून घेता का म्हणून. मी विचारलं, त्यात कुंभारीण बसते का? नाही म्हणे, कीटक वगळलेत.